घास थुंकणं म्हणजे हट्टच असं नाही

मूल खात नसलं की "उपाशी ठेवा, भूक लागली की खाईल" असा सल्ला मिळतो. नुसत्या चोखंदळ मुलाला तो कदाचित चालून जाईल. ज्याला खाण्याचीच भीती बसली आहे, त्याच्यासाठी तो धोक्याचा आहे. अशी मुलं भूक लागली तरी खात नाहीत. २०१३ साली डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरण-ग्रंथात, या त्रासाला 'एआरएफआयडी' (खाणं टाळण्याचा किंवा फार मोजकंच खाण्याचा विकार) असं स्वतंत्र नाव मिळालं, ते उगीच नाही.

आधी पित्त वर येणं, बद्धकोष्ठता, गिळताना अडचण हे डॉक्टरांकडून तपासून घ्याच. दुखत असेल तर सवय लागणार कशी?

मूल रडलं की आपण चमचा मागे घेतो, आणि रडलं की सुटका होते हे ते शिकतं. वर्तनोपचार हीच साखळी हळूहळू सोडवतो. सुरुवात चमच्याच्या टोकावर मावेल एवढ्या घासापासून, कधी नुसत्या वासापासून किंवा स्पर्शापासून. जमलं की लगेच कौतुक. नवा पदार्थ बऱ्याचदा दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो. आपण तिसऱ्या वेळीच सोडून देतो.

मात्र 'घास घेईपर्यंत तोंडासमोरून चमचा हलवायचा नाही' ही पद्धत घरी स्वतःच्या मनाने करू नका. सुरुवातीला रडणं वाढू शकतं, तेव्हा प्रशिक्षित तज्ज्ञ सोबत हवाच. तोंड धरून भरवणं हा तर उपचारच नव्हे.