मदत हवी आहे: स्विफ्टला लोअरिंग स्प्रिंग, गॅरेजला द्यावं की घरीच बसवू?

पारोळेकर

राम राम मंडळी. गाडी २०१९ ची पेट्रोल स्विफ्ट. राहतो पारोळ्याला, नोकरी जळगावला, त्यामुळे बहुतेक चालणं हायवेचं. गाडी ३५ मिलीमीटर खाली बसवणारा चार स्प्रिंगांचा सेट मागवला, तो घरी येऊन पडलाय. वडिलांनी खोका उघडून विचारलं, "हे कोणत्या पंपाचं सामान?" त्यांना काय सांगू.

अडलंय ते बसवण्यावर. एका गॅरेजवाल्याने मजुरी साडेचार हजार सांगितली, अलाइनमेंटचे वेगळे. दुसऱ्याने सेट बघितलाही नाही. "परत करून टाक भो, तुझ्याच स्प्रिंगचा एकेक वेढा गॅस कटरने उडवून देतो, हजारात मोकळा." तिथून काढता पाय घेतला.

ट्रॅक्टरची किरकोळ कामं आम्ही घरीच करतो, त्यामुळे गोटीपान्यांचा सेट, हायड्रॉलिक जॅक, दोन घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) आहेत. अंगणात फरशी पक्की आहे. मामेभाऊ आयटीआयचा डिझेल मेकॅनिक, तो तयार आहे. स्प्रिंग कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं अवजार) आणि टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा) मात्र नाही. आकड्यांचा कंप्रेसर ऑनलाइन दीड हजारात दिसतोय. घरी केलं तर तीन हजार वाचतात असा हिशेब धरलाय. कोणी घरी केलंय का? पुढच्या शॉकअपचं काम खरंच लोक म्हणतात तेवढं धोक्याचं आहे, की गॅरेजवाले उगाच घाबरवतात?

भुसावळचा फिटर

भाऊ, मागचं आणि पुढचं काम एका पारड्यात तोलू नको.

मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) आहे, स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. बॉडी घोड्यांवर घ्यायची, बीमखाली जॅक लावायचा, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे आणि जॅक हळूहळू उतरवायचा. स्प्रिंग सैल होऊन हातात येते. कंप्रेसर लागतच नाही. ब्रेकच्या होजवर आणि एबीएसच्या वायरीवर ताण येतोय का, तेवढं बघत राहायचं. ट्रॅक्टर खोलणाऱ्या माणसाला हे अवघड नाही.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअपवरच स्प्रिंग दाबून बसवलेली. वरच्या टोकाचा एक नट तिला धरून असतो. स्प्रिंग आवळायच्या आधी तो नट सोडलास तर वरची माउंटिंग बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. हात, जबडा, जे समोर येईल ते जातं. घाबरवत नाही, चेंदामेंदा झालेली बोटं पाहिली आहेत म्हणून सांगतो. स्वस्त आकड्यांचा कंप्रेसर घसरतो. दोन्ही बाजू समोरासमोर लावून आळीपाळीने थोडं थोडं आवळावं लागतं, आट्यांना ग्रीस लावावं लागतं आणि त्यावर इम्पॅक्ट गन अजिबात चालत नाही. गंमत अशी की धोका जुनी स्प्रिंग काढताना जास्त. नवी आखूड असते, ती पुष्कळदा थोड्याशा दाबात बसते.

कटरवाल्याकडून पळालास ते बरं केलंस. गॅसच्या आचेने स्प्रिंगचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरतं, आणि कापलेलं टोक तबकात नीट बसत नाही. चाक खड्ड्यात लोंबलं की स्प्रिंग जागा सोडते.

शिरपूरकर

बसवणं राहू दे बाजूला, आधी उंचीचं बोलू. या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलीमीटर. ३५ गेले, उरले १२८, तेही रिकाम्या गाडीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तुझ्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २.४५ मीटर, म्हणजे असल्या गतिरोधकावर गाडी अख्खी चढते आणि अख्खी उतरते, पोट घासायचं कारण नाही. अडचण आपल्या गावांतल्या गतिरोधकांची. एखादा अपघात झाला की रातोरात खडी-डांबराचा उभा ढिगारा घालतात, हातभर रुंद. तो दोन चाकांच्या मधे येतो आणि सायलेन्सर घासून जातो. हायवेवर तुला त्रास नाही. पण लग्नसराईत पाच माणसं आणि आहेराची भांडी घेऊन चोपडा-यावलकडच्या आडरस्त्याला लागशील तेव्हा कळेल. काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यानंतर कसा लाटांसारखा होतो ते तू रोज बघतोस.

कायद्याचंही ध्यानात ठेव. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ बदललं: मालकाने असा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रस्त्यात कोणी टेप लावून उंची मोजत बसणार नाही हे मलाही कळतं. पण अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो. मी असतो तर सेट परत केला असता.

नाना (धुळे)

आपला खान्देशना रस्ता तुले माहीत शे ना, भाऊ? बरं, शिरपूरकरांनी सांगितलंच, मी पुन्हा डोकं खात नाही. बसवणारच असशील तर कंप्रेसरला पैसे घालू नको. पुढचा शॉकअप स्प्रिंगसकट गाडीवरून उतरवायला कंप्रेसर लागत नाही. तेवढं घरी कर. ते दोन्ही स्ट्रट पोत्यात घालून जळगावला ने. ज्याच्याकडे भिंतीला किंवा टेबलाला ठोकलेला मोठा कंप्रेसर आहे, तो समोरासमोर बदलून देतो आणि मजुरी फक्त तेवढ्याचीच घेतो. आणून परत घरी चढव.

पारोळेकर

नाना, हे डोक्यातच आलं नव्हतं! फिटरभाऊ, स्ट्रट उतरवताना कशाला जपायचं? शिरपूरकर, तुमचं पटतंय, पण सेट परत घ्यायला विकणारा तयार नाही. सायलेन्सरचं माझ्या नशिबावर सोडा. विमा कंपनीला मात्र लेखी कळवून उत्तर घेतो, त्यांनी नाही म्हटलं तर खोका माळ्यावर.

भुसावळचा फिटर

नानांची युक्ती बरोबर आहे. बॉनेटखालच्या टॉवरवर स्ट्रटला बॉडीशी धरणारं तेवढंच सोड, पण स्प्रिंग धरणाऱ्या नटाला हात लावू नको. हे मामेभावालाही दोनदा सांग, डिझेलवाल्यांना सगळे नट सारखेच वाटतात. खाली नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) दोन बोल्ट असतात, काढण्याआधी त्यांच्या जागेवर खूण कर. लिंक रॉड, होजची क्लिप, एबीएसची वायर आधी मोकळी कर. स्ट्रट निघाला की नकल बाहेर कलंडते, तिला तारेने बांधून ठेव. नाहीतर एक्सलचा आतला जॉइंट सुटतो आणि ग्रीस फरशीवर.

वरच्या माउंटिंगचं बेअरिंग हाताने फिरवून बघ. खरखर करत असेल तर नवं घेऊनच जळगावला जा, पुन्हा खोलण्याची मजुरी नको. सेटसोबतच्या कागदावर बंप स्टॉप (शॉकअपच्या दांड्यावरचा रबरी ठोकळा) कापायला सांगितलं असेल तर सांगितलं तेवढंच काप. रबरी बुशमधून जाणारे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळ. लटकत्या चाकावर आवळलेस तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. टॉर्क पाना भाड्याने मिळतो का बघ, अंदाजपंचे करू नको.

अलाइनमेंट लगेच करू नको, स्प्रिंग बसायला दोनेकशे किलोमीटर चालव. पण टाळूही नको. गाडी खाली आली की पुढच्या चाकांचा टो (चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) बदलतो आणि टायर आतल्या कडेने खायला लागतो. बाहेरून बघितलं तर वर्षभर कळत नाही. मागचा बीम सेट करता येत नाही, त्याचे वेगळे पैसे कोणी मागितले तर देऊ नको.

आणि शॉकअप किती चाललेत? ऐंशी हजाराच्या पुढे असतील आणि तेल पाझरत असेल, तर त्या मेलेल्या शॉकअपवर नव्या कडक स्प्रिंगा घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

पारोळेकर

बासष्ट हजार. डावीकडचा थोडा ओला दिसतोय.

भुसावळचा फिटर

मग आधी पुढच्या दोन शॉकअपचा भाव काढ. जोडीनेच बदलायचे, एकटा डावा नाही.