मदत हवी आहे : व्हॅलोरंटमध्ये जेट घेऊन साइटवर पहिलं घुसायचं कसं?

ऐरोली-घणसोलीचे आम्ही पाच जण रात्री व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम खेळतो. एन्ट्री, म्हणजे साइटवर (बॉम्ब लावायच्या जागेत) सगळ्यांत आधी घुसणं, माझ्याकडे; एजंट (गेममधलं पात्र) जेट. असेंट या मॅपवर ए साइटकडे नेणाऱ्या ए मेन या वाटेतून निघताना हेवन (वरचा सज्जा) आणि ट्री या जागांवर आमच्या ओमेन या एजंटचे स्मोक (नजर अडवणारा धूर) पडलेले असतात, तरी आधी जनरेटरमागे बघावं की हेवनखालच्या हेलमध्ये, हे ठरत नाही. खरा वैताग वेगळाच. डॅश (जेटची झटकन झेप) मारून आत गेलो की बाकीचे मेनमध्येच रेंगाळतात, मी पडल्यावर ट्रेड घ्यायला, म्हणजे मला मारणाऱ्याला लगेच टिपायला, कोणी नसतं. वर ‘एवढी घाई कशाला?’ हे आहेच! दुसऱ्या खेळाडूने नेमकं किती मागे राहावं? सोवा या एजंटचा टेहळणीचा ड्रोन पुढे सोडून निघावं की के-ओ या एजंटच्या, शत्रूचे डोळे दिपवणाऱ्या फ्लॅशवर? जेटऐवजी रेझ ही एजंट घे म्हणू नका, ती आमच्यातल्या एकाने आधीच बळकावली आहे.