जोशुआ ट्री: पार्कात जागा नाही, बाहेर फुकटचा तंबू कुठे आणि कसा?

सदाशिव_सॅनहोजेकर
थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात (नोव्हेंबरअखेर) कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कात दोन रात्री. आम्ही दोघं आणि पुण्याहून आलेले आई-बाबा (पासष्टीचे, चालते-फिरते). जम्बो रॉक्स, इंडियन कोव्ह, कॉटनवूड ही पार्कातली तंबूची मैदानं सगळी बुक झालीत. गाडी भाड्याची एसयूव्ही, टू-व्हील ड्राइव्ह. ट्रेलहेडच्या (पायवाट सुरू होते तिथल्या) पार्किंगमध्ये गाडीत झोपलं तर चालतं का? नाहीतर बाहेर फुकट कुठे? पाणी, संडास, स्वयंपाक यांचं काय करायचं?

निवडुंग
पार्किंगमध्ये किंवा रस्त्याकडेला झोपायला पार्कात मनाई आहे. रेंजर रात्री काच ठोठावून उठवतात आणि दंडही होतो. हिडन व्हॅली, बेल आणि व्हाइट टँक ही मैदानं बुकिंगविना, आधी येईल त्याला मिळतात. पण त्या आठवड्यात सकाळी लवकर जाऊन, कोणी सामान आवरतंय का बघत फिरावं लागेल.

फुकटची जागा दक्षिणेला आहे. आय-१० महामार्गावरून एक्झिट १६८ घ्या आणि कॉटनवूड स्प्रिंग्स रोडनं उत्तरेला वळा. महामार्ग आणि पार्कची हद्द यांच्यामधली जमीन बीएलएमची, म्हणजे केंद्राच्या जमीन खात्याची. डांबरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कच्च्या वाटा फुटतात. आधी कोणी तंबू लावून टणक केलेली जागाच घ्या, नवी गाडीवाट पाडू नका. पार्कच्या पाटीपलीकडे गेलात की पुन्हा पार्कचे नियम लागू. बीएलएमचा सर्वसाधारण नियम २८ दिवसांत १४ दिवस मुक्कामाचा, दोन रात्रींना काहीच अडचण नाही. या भागातली बरीच जमीन जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या चकवाला नॅशनल मॉन्युमेंटमध्ये (केंद्राच्या संरक्षित प्रदेशात) आली आहे. म्हणून निघण्याआधी बीएलएमच्या पाम स्प्रिंग्स ऑफिसला फोन करून सध्याचे निर्बंध विचारा.

दुसऱ्या महायुद्धात जनरल पॅटनचा वाळवंटी सराव तळ, कॅम्प यंग, इथेच होता. जुना गंजका धातू दिसला तर हात लावू नका.

वाळूत_रुतलेला
खरी अडचण टायरची. डांबर सोडल्यावर पहिले शे-दोनशे मीटर माती घट्ट असते, पुढे ओढ्याच्या पात्रातली भुसभुशीत वाळू. टू-व्हील ड्राइव्हनं त्या पहिल्या टप्प्यातच थांबा. पुढे जायचं असेल तर उतरून चालत बघा. बूट घोट्यापर्यंत रुतला तर गाडीही रुतणार. रुतलीच तर अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका, चाक फिरून खड्डा खोल होतो. चाकापुढची-मागची वाळू फावड्यानं काढा, हवा ३५ वरून २० पीएसआयपर्यंत उतरवा आणि हळू मागे घ्या. हवा परत भरायला १२ व्होल्टचा पंप सोबत हवाच. आणि भाड्याचा करार वाचा. बऱ्याच करारांत कच्च्या रस्त्याला मनाई असते, मग टो-ट्रकचा खर्च पूर्ण तुमचा.

ओढ्याच्या पात्रात तंबू नको. वाळू मऊ लागते म्हणून मोह होतो, पण डोंगरात पाऊस पडला की तुमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असतानाही लोंढा येतो.

आणि अंधारात जागा शोधू नका. पोहोचायला रात्र होणार असेल तर पहिली रात्र जवळच्या इंडिओ शहरात हॉटेलात काढा.

तीन_शिट्ट्या
पाणी: माणशी दिवसाला ४ लिटर फक्त प्यायला आणि स्वयंपाकाला. चौघे, दोन दिवस म्हणजे ३२. भांडी-हातपाय आणि राखीव धरून २३ लिटरचे दोन कॅन घ्या. बीएलएमच्या जागेवर नळ नाही, पण कॉटनवूड कॅम्पग्राउंडला पिण्याचं पाणी आणि फ्लशचे संडास आहेत.

गॅस: कॅलिफोर्नियात अशा जमिनीवर शेगडी पेटवायलाही कॅम्पफायर परमिट लागतं. ऑनलाइन, फुकट. चपट्या शेगडीच्या डब्यातला ब्युटेन शून्याच्या आसपास वायू होणं थांबवतो, पहाटे चहालाच ज्योत मरते. प्रोपेनची शेगडी घ्या. चपटीच असेल तर डबा रात्री पांघरुणात ठेवा. पण तिच्यावर पाच लिटरचा रुंद कुकर ठेवू नका, बूड डब्याच्या कप्प्यावर येतं आणि डबा तापून फुटू शकतो. खिचडीला तीन लिटरचा पुरे.

निवडुंग
आई-बाबांसाठी एक गोष्ट दक्षिणेच्या बाजूनं आहे: उंची कमी. जम्बो रॉक्स ४,४०० फुटांवर. दर हजार फुटांना साधारण २ अंश सेल्सिअसचा फरक धरा, म्हणजे खाली रात्र बरीच सुसह्य. पण वारा दोन्हीकडे. तंबूबरोबर येणाऱ्या बारीक खुंट्या वाळूत उपटतात. पिशवीत दगड भरून, तिला दोरी बांधून फूटभर खोल पुरा. तंबूची बुटकी बाजू वाऱ्याकडे, गाडी त्याच्याही पुढे. सावलीची छत्री रात्री मिटवून ठेवा, उडाली तर शेजाऱ्याच्या काचेवर जाते.

सदाशिव_सॅनहोजेकर
धन्यवाद. रात्री दोनला आईला संडासला जायचं झालं तर कॉटनवूडपर्यंत गाडी काढायची का?

तीन_शिट्ट्या
नाही. झाकणाची बादली, वर बसायची सीट, आत जेलपूड (ओल शोषून घट्ट करणारी) असलेली पिशवी, आणि आडोशाला लहान उभा तंबू. पिशव्या दुहेरी बंद करून घरी न्या, कॅम्पच्या कचरापेटीत नाही. पुरायचंच असेल तर खड्डा ६ ते ८ इंच खोल, पाण्याच्या वाटेपासून २०० फूट लांब; कागद मात्र पुरू नका, वाळवंटात तो वर्षानुवर्षं कुजत नाही. आईंच्या हातात टॉर्च द्या आणि पायात बंद बूट. चोया निवडुंगाचे काटे चिकटले तर बोटांनी ओढू नका, कंगव्यानं झटकन उपटा.