कोजागिरीचं उधाण (फॅमिली ग्रुप, सोमवार सकाळ)

आई: शुक्रवारपासून एकच टिक दिसतेय. कोणाला लागला का त्यांचा फोन?

मी: आई, तिकडे रेंजच नाही. रविवार रात्रीपर्यंत शोधू नका म्हणाला होता दादा.

आई: म्हणून काळजी करायची नाही का? वादळाचा इशारा तूच दाखवलास ना मला?

बाबा: मुळात ऑक्टोबरात समुद्रावर तंबू ठोकायला जायचंच कशाला.

दादा: पोचलो सिएटलला. दोघंही धड आहोत. घरभर ओले मोजे वाळत पडलेत. आंघोळ करून लिहितो.

आई: आधी लिही, मग आंघोळ कर.

दादा: बरं. ठरलं होतं ऑलिंपिक नॅशनल पार्कात ओझेटपासून रिआल्टोपर्यंत, ३२ किलोमीटर, किनाऱ्याकिनाऱ्याने. पोर्ट एंजेलिसला परवाना घेताना रेंजर बाईंनी भरतीचा तक्ता पुढे सरकवला आणि विचारलं, ही टोकं कधी ओलांडणार? समुद्रात घुसलेल्या काही टोकांना वरून जंगलातली वाट आहे, लाल-काळ्या गोल पाट्या शोधायच्या आणि दोर धरून चढायचं. काहींना खालूनच जावं लागतं, तेही ओहोटीला. आणि या दिवसांत तिकडे मोठी ओहोटी पडते संध्याकाळी. सकाळची असून नसल्यासारखी. म्हणजे वाट मोकळी होते तेव्हा अंधार. त्यात वादळ. तिथेच बेत बदलला. ओझेटचा छोटा फेरा धरला: जंगलातून केप अलावा, किनाऱ्याने सँड पॉइंट, जंगलातून परत. १५ किलोमीटर. लोक एका दिवसात उरकतात, आम्ही दोन रात्री काढल्या.

बाबा: हे आधी सांगितलं असतंस तर तुझी आई झोपली असती.

नाना काका (गुहागर): शनिवारी वद्य द्वितीया. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडला पूर्ण भरती. बरोबर?

दादा: नाना!! तक्त्यात जेमतेम थोडा फरक होता.

नाना काका: मग? चंद्र काय दोन आहेत? पण कोजागिरीच्या उधाणात गेलात हे चुकलंच. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे लहान भरती असते, तेव्हा जायचं. आणि तिथीवरून वेळ कळते हो, पाणी कुठवर चढेल ते वाऱ्यावर.

दादा: तेच झालं. हवेचा दाब उतरला, वारा किनाऱ्याकडे, पाणी तक्त्याच्या वर. वेडिंग रॉक्सच्या अलीकडे झाडीत साडेतीन तास बसून होतो. तिथे वाळूच्या वरच्या अंगाला वाहून आलेल्या ओंडक्यांची रास असते. अख्खी झाडं, मुळांसकट. आदल्या दिवशी त्यावर बसून चहा प्यायलो होतो. शनिवारी लाट त्याच्याखाली शिरली आणि तोच ओंडका सावकाश फिरला, जसं झोपेत कोणी कूस बदलावी. मग शेजारच्यावर आपटला. आवाजाआधी तो धक्का बसल्या जागी खालून जाणवला.

वहिनी: आणि त्याच्या पाच मिनिटं आधी तुमचे चिरंजीव म्हणत होते, दोन लाटांच्या मधे पळत जाऊ.

आई: 😡

दादा: म्हटलं होतं. गेलो नाही.

मी: वरून वाट नव्हती का?

वहिनी: होती. चिखलाने बुळबुळीत. आधीच जंगलातल्या लाकडी फळ्यांवर मी दोनदा आपटले होते. म्हटलं, बसू. घाई कोणाला आहे?

माई आत्या: वेडिंग रॉक्स म्हणजे ती दगडावर कोरलेली चित्रं ना? देवमासे, माणसांचे चेहरे?

दादा: हो आत्या, मकाह लोकांची, तिथले मूळ रहिवासी. उतरत्या उन्हात दिसतात म्हणे, आम्हाला पावसात दोनच सापडली.

माई आत्या: अरे मग ओझेट गाव तिथेच! दरड कोसळून काही घरं चिखलाखाली गेली होती, शेकडो वर्षं तशीच. १९७० च्या हिवाळ्यात वादळी लाटांनी किनारा खाल्ला आणि ती उघडी पडली. ११ वर्षं खोदत होते. खोदत म्हणजे पाण्याच्या नळ्यांनी चिखल धुवून काढत. ५५,००० च्या वर वस्तू मिळाल्या. टोपल्या, दोर, लाकडी पेट्या, एरवी कुजून जाणाऱ्या. निआ बेला मकाहांचं स्वतःचं संग्रहालय आहे, १९७९ पासून. गेला नाहीत?

दादा: ओल्या कपड्यांत कुठे जाणार...

माई आत्या: एवढ्या लांब जाऊन. मला तर माळीण डोळ्यासमोर येतं.

आई: खाल्लंत काय?

वहिनी: मेतकूट-भात, दोन्ही रात्री. तिथलं ओढ्याचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं, पानामुळांचा अर्क उतरतो. गाळून उकळलं तरी रंग तोच, त्यामुळे भातही बदामी. मसाला दूध पण केलं, पावडरीचं. चंद्र काही दिसला नाही. आणि खायचं सगळं अस्वल-डब्यात, म्हणजे अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यात कोंबावं लागतं, सक्ती आहे. खरा चोर रॅकून. रात्री तंबूबाहेर डबा गडगडत नेत होते, सकाळी वीस पावलांवर मिळाला.

बाबा: उघडला नाही त्यांना?

वहिनी: त्यांना काय, आम्हालाच घरी येऊन उघडत नाहीये. खाचेत वाळू गेलीय. आत आईंच्या बेसनाच्या सात वड्या आहेत.

नाना काका: खोबरेल सोड दोन थेंब.

दादा: नाण्याने फिरवायचं असतं ते झाकण. नाणी त्या डब्यातच आहेत.