लक्षणं नव्हती, मग नंतर हे काय? अनुभव लिहा

ताप नाही, खोकला नाही, तरी कोविड पॉझिटिव्ह आलेले आपल्या नाशकात बरेच आहेत. नंतर काही जाणवलं का? ज्यांना काहीच झालं नाही त्यांनीही लिहा, नाहीतर नुसतं रडगाणं होईल.

सातपूर: कंपनीत सरसकट आरटीपीसीआर केली, त्यात सापडलो. सप्टेंबर २०२०. खोलीत बसून आरामच झाला. दिवाळीनंतर पांडवलेणीच्या पायऱ्या निम्म्याही चढवेनात, छाती धडधडायची. ऑक्सिजन ९८, ईसीजी आणि टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल. सासरेबुवा म्हणाले, बसून बसून अंग जड झालंय. आजारीच पडलो नव्हतो, तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार? शेवटी एका डॉक्टरांनी आधी झोपवून, मग उभं करून ठोके मोजले. उभं राहिलं की एकदम वाढत होते. माझं बीपी कमी असतं म्हणून त्यांनी पाणी आणि मीठ वाढवायला सांगितलं, व्यायाम आडवं पडून सुरू करायला लावला. आता चढतो, सावकाश.

सिडको: मला तर काहीच लक्षण नव्हतं. फक्त वास गेला होता. अजून कांद्याच्या फोडणीला जळक्या रबराचा वास येतो, मिसळ सुटली.

नाशिकरोड: अहो ताई, वास जाणं हेच तर लक्षण! मी लॅबमध्ये आहे. टेस्ट न केलेले अँटिबॉडी तपासायला येतात. पण कोव्हिशील्ड घेतली असेल तर स्पाइकची (विषाणूवरच्या काट्यांची) अँटिबॉडी लशीनेही येते. न्यूक्लिओकॅप्सिडची (विषाणूच्या आतल्या प्रथिनाची) आली तर लागण झाली होती म्हणायचं. आणि लक्षणं नाहीत म्हणजे आत सगळं ठीक, असंही नाही. २०२० मध्ये कोविड पसरलेल्या डायमंड प्रिन्सेस या प्रवासी जहाजावरच्या लक्षणं नसलेल्या ७६ जणांचे सीटी स्कॅन पाहिले, तर निम्म्याहून जास्त जणांच्या फुप्फुसांत डाग होते.

गंगापूर रोड: तरी सगळं कोविडच्या खात्यावर टाकू नका. आईचा थकवा सगळे 'कोविडनंतरचा' म्हणत होते, टीएसएच केल्यावर थायरॉईड निघालं. डब्ल्यूएचओची कोविडनंतरच्या त्रासाची ऑक्टोबर २०२१ची व्याख्याही तेच सांगते: त्रास किमान २ महिने टिकलेला हवा आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने त्याचा उलगडा होत नसावा.

पंचवटी: घरात पाच जण पॉझिटिव्ह, कोणालाच काही नाही. आजी ८१ची, रोज गंगेवर (गोदावरीवर) जाते.

इंदिरानगर: सातपूरवाले दादा, डॉक्टरांनी पायात घालायचे घट्ट मोजे सांगितले होते का? भाचीचं अगदी असंच होतंय, आणि घरचे म्हणतात अभ्यास टाळते.