मदत हवी आहे: धरणातले किडे मोजून पाण्याची प्रत ठरवताना गुण कसे लावायचे?

नमस्कार मंडळी,

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. नववीची पोरं घेऊन गावाजवळच्या लहान धरणाचं पाणी त्यातल्या जीवांवरून तपासतोय. हातजाळीनं काठ ढवळायचा, पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं, हलेल ते वेचायचं.

आधी धरणाच्या वरच्या ओढ्यात गेलो. दगड उलटला की खाली मेफ्लायची (पाण्याकाठी उडणारा एक नाजूक कीटक) चपटी पिल्लं घट्ट चिकटलेली, पोटाच्या दोन्ही बाजूंचे कल्ले सारखे फडफडवत. पोरं दगड खाली ठेवेनात! धरणाच्या काठाला मात्र गाळातल्या लालभडक अळ्या (कायरोनोमिड, म्हणजे डासासारख्या पण न चावणाऱ्या माशीच्या), गांडुळासारखे बारीक किडे, गोगलगाई, टाचणीची (चतुरासारखा बारीक कीटक) पिल्लं आणि मेफ्लायची एक साधी जात, एवढंच.

गुण ब्रिटनच्या बीएमडब्ल्यूपी पद्धतीनं दिले. त्यात प्रत्येक कुळाला १ ते १० गुण. जे घाण सोसत नाही त्याला जास्त. ओढ्यात ५ कुळं, ३७ गुण, सरासरी ७.४. धरणात ५ कुळं, १६ गुण, सरासरी ३.२. पोरांनी लगेच निकाल लावला, धरणाचं पाणी खराब.

मला ते पटत नाही. ही पद्धत वाहत्या नद्यांसाठी बेतलेली. चपट्या पिल्लांना खळाळतं पाणी आणि दगड लागतात, ते धरणात मुळातच नाहीत. शिवाय उन्हाळ्यात पाणी उतरतं तसा काठ कोरडा पडतो आणि तिथले जीव मरतात. लाल अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून ऑक्सिजन कमी असलेल्या गाळातही त्या तगतात. आणि खोल साठ्याच्या तळाशी ऑक्सिजन सांडपाण्याशिवायही कमी होतो. पण भाताच्या आणि रताळ्याच्या शेतांतलं खत पावसाबरोबर धरणातच उतरतं, तेही डोळ्यांआड करता येत नाही.

तर जाणकारांनी सांगावं. धरणाची तुलना ओढ्याशी न करता दुसऱ्या, कमी शेती असलेल्या तलावाशी करावी का? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पद्धतीत घाण सोसण्याचे ० ते १० आणि विविधतेचे ० ते १ असे दोन वेगळे गुण असतात. ती साचलेल्या पाण्याला कुणी लावून पाहिली आहे का? कायरोनोमिडची माशी कोषातून बाहेर पडली की तिची कात पाण्यावर तरंगते आणि वारा ती एका काठाला लोटतो. ती कात गोळा करून तलाव तपासतात असं वाचलंय. शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या जाती ओळखू येतील का?

एका मुलीच्या आजीनं मला वाटेत थांबवून विचारलं, "मास्तर, म्हणजे पाणी प्यायचं नाही का?" टायफॉइडचे जंतू किडे मोजून कळत नाहीत, त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो, हे मी त्यांना सांगितलं. पण पोरांना हा तक्ता ग्रामसभेत मांडायचा आहे. त्यांच्या तोंडून चुकीचं काही जाऊ नये, गाव उगाच घाबरू नये आणि खोटा दिलासाही मिळू नये.

नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये बाटल्यांत ठेवलेत. कुणी ओळखून देणार असेल तर उद्याच फोटो टाकतो. कोणत्या बाजूनं काढू, वरून की पोटाकडून?