अचानक गर्दी झाली की नवीन ॲप का झोपतात? सर्व्हर वाढवले की झालं ना?

चिंचेचा_पाला:
मंडळी प्रश्न बाळबोध आहे, सांभाळून घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये झोहो कंपनीच्या अरट्टाई या मेसेजिंग ॲपवर लोक तुटून पडले होते, संस्थापक श्रीधर वेम्बूंनी स्वतःच लिहिलं होतं की रोजचे साइनअप तीन दिवसांत ३,००० वरून साडेतीन लाखांवर गेले आणि सर्व्हर वगैरे यंत्रणा तातडीने वाढवतोय. आता झोहो काही कालची कंपनी नाही, तरी एवढी धावपळ का? क्लाउडमध्ये तर बटण दाबलं की सर्व्हर वाढतात म्हणे. आमचे बंधू म्हणतात कोडच भिकार असतो. खरंय का?

रात्रपाळी:
बंधूंना म्हणावं इतकं सोपं असतं तर आम्ही रात्री झोपलो असतो 😀 वेब सर्व्हर वाढतात हो, पण ते सगळे शेवटी डेटाबेसच्या एकाच खिडकीवर येऊन रांग लावतात. तो डेटाबेस दहा मशीनवर वाटायचा तर कुठला युजर कुठे ठेवायचा हे आधीच ठरवलेलं असावं लागतं, भर गर्दीत करायला गेलं की तहान लागल्यावर विहीर. त्यात सोशल साइट म्हणजे युजर दहापट झाले की त्यांची आपसातली कनेक्शन त्याहून जास्त वाढणार. फ्रेंडस्टर आठवतंय का कुणाला? ऑर्कुटच्याही आधीची सोशल साइट. ते मित्रांच्या मित्रांच्या मित्रांपर्यंतचं जाळं मोजत बसायचं आणि पान उघडायला कधीकधी ४० सेकंद, लोक कंटाळून मायस्पेस नावाच्या दुसऱ्या साइटवर गेले. कोड भिकार म्हणण्यापेक्षा ते फीचरच महागात पडलं. ट्विटरसारखं ॲप असलेल्या ब्लूस्कायवाल्यांनी यावर भारी शक्कल लढवली, जो हजारो-लाखो लोकांना फॉलो करतो त्याच्या टाइमलाइनमधून काही पोस्ट मुद्दाम गाळायच्या, नाहीतरी तो बाबा सगळ्या थोडाच वाचणारे!

शेवंता_डोंबिवली:
सर्व्हर एकवेळ विकत मिळतील, तक्रारी वाचणारी माणसं कुठून आणणार? मी मॉडरेशनमध्ये, म्हणजे तक्रारी आलेल्या पोस्ट तपासायचं, काम केलंय म्हणून बोलते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या निवडणुकीनंतर ब्लूस्कायकडे २४ तासांत ४२,००० रिपोर्ट आले, २०२३ च्या अख्ख्या वर्षात मिळून होते ३,६०,०००. आणि स्टाफ जेमतेम वीसेक, मॉडरेटर वेगळे. गर्दीच्या मागोमाग स्पॅमवाले येतातच, मग घाईघाईत ऑटोमॅटिक नियम कडक करतात, त्यात खरी माणसं पण ब्लॉक होतात, ती अपील करतात, आणि ती अपीलं वाचायला पुन्हा आम्हीच. रांग काही संपत नाही. ह्याबद्दल कुणी बोलत नाही, सगळे सर्व्हर सर्व्हर करतात.

चिंचेचा_पाला:
मग दारच लावून घ्यायचं ना थोडे दिवस?

रात्रपाळी:
लावतात की. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरवरून लोंढा आला तेव्हा मॅस्टडॉनच्या (ट्विटरसारखंच, पण अनेक स्वतंत्र सर्व्हरवर चालणारं) मोठ्या सर्व्हरनी नवीन नोंदणी बंद केली होती, ब्लूस्काय तर फेब्रुवारी २०२४ पर्यंत इन्व्हाइट कोडवरच होतं, म्हणजे निमंत्रण असेल तरच प्रवेश.

गुगलकाका:
दार लावलं की लोक शेजारी जातात साहेब, परत येत नाहीत. आणि गर्दी टिकेल ह्याची तरी काय गॅरंटी? आपल्याकडचं ट्विटरसारखं ॲप कू बघा, नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्राझीलमध्ये दोन दिवसांत दहा लाख लोक आले, जुलै २०२४ मध्ये दुकान बंद. आता तुम्ही त्या दोन दिवसांची कमाल गर्दी बघून वर्षभराचे सर्व्हर घेणार का, बिल कोण भरणार?? इन्स्टाग्रामवाल्या मेटाच्या थ्रेड्सवर ५ दिवसांत १० कोटी लोक आले तरी ते तगलं, कारण मागे इन्स्टाग्रामचा सगळा पसारा आयता होता. तेवढं भांडवल सगळ्यांकडे कुठून येणार.

चिंचेचा_पाला:
पटलं. एक राहिलं, ओटीपीच उशिरा येतो ते का? आत शिरायच्या आधीच अडकायला होतं.

रात्रपाळी:
ते बऱ्याचदा ॲपवाल्यांच्या हातातच नसतं. एसएमएस गेटवे, म्हणजे मेसेज पाठवणारी यंत्रणा, बाहेरच्या कंपनीची, सेकंदाला किती मेसेज जातील ती लिमिट आधीच ठरलेली. ती वाढवून घ्यायला त्यांच्याकडे फोनाफोनी करावी लागते, आणि शनिवारी रात्री अकराला फोन उचलतंय कोण.